एमबीएची प्रवेश परीक्षा पुन्हा द्यावी का? आधी दार ओळखा

इस्लापूरसारख्या गावातून पदवी घेतलेल्या मुलाला एमबीएच्या प्रवेश परीक्षेत कमी गुण पडले की घरात दोन सल्ले मिळतात: ‘सोड, नोकरी बघ’ किंवा ‘मिळेल त्या कॉलेजात घे’. मुलगी असेल तर स्थळं बघायला सुरुवात होते. परीक्षा पुन्हा देणं हाही मार्ग आहे. मात्र आपण कोणत्या दारावर उभे आहोत, हे आधी कळलं पाहिजे.

पहिलं दार : राज्याची सीईटी

राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्ये, गुणवत्ता यादी प्रवेश परीक्षेच्या पर्सेंटाइलवर लागते. मुलाखत नसते. इथे दुसऱ्या वेळी गुण वाढवणं हेच काम.

या सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. तार्किक क्षमतेचे ७५, आकृत्यांचे २५, गणिताचे ५० आणि इंग्रजीचे ५०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. पहिल्या वेळी प्रश्न आलेच नाहीत की वेळ पुरला नाही, हे सराव परीक्षा देऊन मोजा. वेळ पुरला नसेल तर नव्या पुस्तकांपेक्षा घड्याळ लावून केलेला सराव जास्त कामाचा.

दुसरं दार : आयआयएम

कॅट परीक्षेत तीन विभाग, प्रत्येकी ४० मिनिटं. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्यायी प्रश्नाचं उत्तर चुकलं तर १ गुण वजा. कितीही वेळा देता येते, पण गुण त्याच प्रवेशवर्षापुरते. एकूण पर्सेंटाइलसोबत प्रत्येक विभागाची किमान अटही पार करावी लागते.

इथे गुणांनी फक्त मुलाखतीपर्यंत पोहोचता येतं. पुढे दहावी, बारावी, पदवी, कामाचा अनुभव आणि मुलाखत, असं सगळं मोजलं जातं. दहावीचे गुण आता बदलणार नाहीत. अनुभव आणि मुलाखत बदलू शकते. पदवीनंतरचा पूर्णवेळ, पगारी अनुभवच सहसा धरतात. पतसंस्थेत किंवा शेतकरी उत्पादक कंपनीत काम करत असाल तर नेमणूकपत्र आणि पगाराच्या पावत्या जपून ठेवा. आपल्या भागातला कापूस, सोयाबीन कुठे विकला जातो, भाव कोण ठरवतो, हे आकड्यांसह सांगता आलं तर मुलाखतीत वजन पडतं.

याच वर्षात कागद पूर्ण करा

केंद्रीय संस्थांत अनुसूचित जातींना १५ टक्के, राज्यात १३ टक्के जागा आहेत. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीची केंद्रीय मान्यता मिळाली. पण केंद्रीय संस्थेसाठी प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात हवं आणि त्यावर यादीतल्या मूळ जातीचा स्पष्ट उल्लेख हवा. नुसतं ‘बौद्ध’ लिहून भागत नाही. कॅपमधल्या राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी नांदेडच्या पडताळणी समितीकडे वेळेत अर्ज करा. ऐन प्रवेशात धावपळ नको.

‘मिळेल त्या कॉलेजात’ व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर शासनाची शिष्यवृत्ती मिळत नाही. कॅपमधून घेतला आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर शिष्यवृत्तीला पात्र ठरता. एक वर्ष थांबण्याचा खर्च आणि दोन वर्षांची फी कागदावर शेजारी मांडा, मगच घरच्यांशी बोला.

कधी थांबू नये?

पूर्ण तयारी करूनही सराव परीक्षेचे गुण महिनोन्‌महिने तिथेच असतील, किंवा घर तुमच्या कमाईवर चालत असेल, तर नुसतं घरी बसून वर्ष घालवू नका. कॅपमधून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या नांदेडमधील व्यवस्थापन विभागासारखी जागा मिळत असेल तर ती घ्या, किंवा नोकरी करत तयारी करा.

१९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने बाबासाहेबांना लंडनचं शिक्षण अर्धवट सोडावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून, पैसे साठवून ते १९२० मध्ये परत गेले. १९२३ मध्ये परीक्षकांनी प्रबंधात दुरुस्ती सांगितली. तो पुन्हा सादर करून त्यांनी डी. एस्सी. मिळवली. मधली वर्षं त्यांनी कामात आणि बचतीत घातली होती. पुन्हा परीक्षा देणाऱ्यानेही आपलं वर्ष असंच लावावं.