लग्नाच्या जुन्या डीव्हीडीची आयएसओ प्रत लिनक्सवर कशी घ्यायची?

घरातली लोखंडी पेटी किंवा टीव्हीखालचं कपाट उघडून बघा. मार्करने 'शुभविवाह, भाग १' असं लिहिलेली एखादी डीव्हीडी नक्की सापडेल. आमच्याकडे तशा तीन आहेत. २००८ साली गंगाखेडला माझ्या मावशीचं लग्न झालं, त्याच्या. दुसऱ्या डिस्कवर हळद दळताना आजी ओव्या म्हणते. आजी आता नाही, आणि तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. ज्याने शूटिंग केलं त्याला मूळ कॅसेट विचारली, तर त्याने तिच्यावर केव्हाच दुसरं लग्न घेतलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात ती डिस्क लावली. ओव्या सुरू झाल्या की चित्राचे चौकोन व्हायचे आणि प्लेअर अडकायचा.

डिस्क खराब का होते?

दुकानातल्या सिनेमाच्या डीव्हीडीवर माहिती कारखान्यात ठशासारखी दाबलेली असते. लग्नाची डीव्हीडी-आर मात्र लेझरने 'बर्न' केलेली असते. तिच्या आत सेंद्रिय रंगाचा एक पातळ थर असतो आणि उष्णता, ऊन, दमट हवा यांनी तो हळूहळू बदलतो. परभणीत मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे सहज जातो, आणि आमच्या घरावर पत्रे. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' आपण अभिमानाने म्हणतो, पण डीव्हीडीला इथला उन्हाळा काही मानवत नाही.

आयएसओ म्हणजे काय?

डिस्कवरचा प्रत्येक सेक्टर जसाच्या तसा उचलून एका फाइलमध्ये ठेवला की झाली डिस्क इमेज, म्हणजेच आयएसओ. डीव्हीडीचा एक सेक्टर २०४८ बाइटचा असतो आणि साध्या एका थराच्या डिस्कवर ४.७ जीबी मावतात. बरेच जण थेट एमपी४ करायला जातात. मी म्हणेन, आधी इमेज घ्या. खराब डिस्क जितक्या वेळा फिरवाल तितका धोका वाढतो. इमेज हातात आली की एमपी४ शंभर वेळा करा, डिस्कला हात लावायची गरज नाही.

लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर यूएसबीवाला डीव्हीडी ड्राइव्ह जोडा. लिनक्स इन्स्टॉल करायलाच हवं असंही नाही. पेनड्राइव्हवरून उबुंटू किंवा मिंट 'लाइव्ह' चालवलं तरी भागतं, फक्त फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर सेव्ह करा, नाहीतर रीस्टार्ट केल्यावर ती गायब.

चांगल्या डिस्कसाठी डीडी

खालच्या आज्ञा टर्मिनलमध्ये इंग्रजी छोट्या अक्षरांत टाईप करायच्या. फक्त '१एम' मधला एम मोठा. आधी 'एलएसबीएलके' चालवा. ज्या ओळीत 'रॉम' दिसेल तो तुमचा ड्राइव्ह, बहुतेक वेळा एसआर०. मग:

डीडी आयएफ=/डेव्ह/एसआर० ओएफ=लग्न१.आयएसओ बीएस=१एम स्टेटस=प्रोग्रेस

आयएफ म्हणजे कुठून वाचायचं, ओएफ म्हणजे कुठे लिहायचं. ओएफच्या पुढे चुकून हार्ड डिस्कचं नाव टाकलं तर डीडी काही न विचारता ती पुसून टाकेल. एंटर दाबायच्या आधी दोनदा वाचा. आमची पहिली डिस्क या एका ओळीत निघाली.

आजारी डिस्कसाठी डीडीरेस्क्यू

दुसऱ्या डिस्कवर डीडी मध्येच एरर देऊन थांबलं. इंटरनेटवर उपाय सांगतात की डीडीला 'नोएरर,सिंक' जोडा. ते करू नका. एक सेक्टर वाचता आला नाही तर आसपासच्या बऱ्या सेक्टरांच्या जागीही शून्यं भरली जाऊ शकतात, आणि कुठे भरली त्याची नोंदही राहत नाही.

अशा वेळी डीडीरेस्क्यू वापरायचं. उबुंटू-मिंटमध्ये पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे, पण आज्ञेत सुरुवातीचा जी नाही (इथे मी दहा मिनिटं घालवली).

डीडीरेस्क्यू -एन -बी २०४८ /डेव्ह/एसआर० लग्न२.आयएसओ लग्न२.मॅप

हा आधी सहज निघेल तेवढं सगळं उचलतो आणि अडेल तो भाग पुढच्या फेरीसाठी सोडतो. शेवटची मॅप फाइल म्हणजे त्याची वही: कोणता भाग मिळाला, कोणता राहिला. लाइट गेली तरी हरकत नाही, तीच आज्ञा पुन्हा दिली की काम राहिलं तिथून पुढे सुरू होतं. दुसऱ्या फेरीत -एन काढून -डी -आर३ टाका, म्हणजे उरलेले सेक्टर तो आणखी तीनदा वाचून बघतो.

दोन्ही फेऱ्यांनंतर माझे १४ एमबी राहिले. व्हिडिओत मोजलं तर साधारण वीसेक सेकंद, आणि ते नेमके ओव्यांमधले.

मग डिस्क मऊ सुती कापडाने पुसली. मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल नाही. जिंतूरला मित्राकडे जुना डेस्कटॉप आहे. आयएसओ आणि मॅप दोन्ही फाइली घेऊन तिथे गेलो आणि तीच आज्ञा चालवली. वेगवेगळे ड्राइव्ह तीच डिस्क वेगवेगळ्या प्रकारे वाचतात, आणि मॅपमुळे दुसऱ्या ड्राइव्हने फक्त राहिलेली भोकं भरली. दोन तासांनी आकडा २१२ केबीवर आला. आजी एका जागी किंचित अडखळते, बस्स.

फोनवर कसं न्यायचं?

आयएसओ पेनड्राइव्हवर टाकताना कॉपी ४ जीबीला अडली तर पेनड्राइव्ह फॅट३२ आहे. त्यातला डेटा काढून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. दुसरी प्रत वेगळ्या घरी ठेवा आणि दोन्हींवर 'एसएचए२५६सम' चालवून आकडे जुळतात का बघा. अँड्रॉइडवर व्हीएलसी आयएसओ चालवतं, पण मावशीला व्हॉट्सॲपवरच हवं होतं. म्हणून हँडब्रेकमध्ये आयएसओ उघडून तेवढ्या भागाचा एमपी४ केला.

विकत घेतलेल्या सिनेमाच्या डीव्हीडीवर सहसा सीएसएस नावाचं कुलूप असतं, त्यामुळे डीडीने नीट प्रत निघत नाही. ते कुलूप तोडणं २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात अडचणीचं ठरू शकतं. मी इथे फक्त घरच्या डिस्कबद्दल बोलतोय.

आमची तिसरी डिस्क अजून अडलेली आहे. दोन ड्राइव्ह झाले, ३८० एमबी बाकी. तिची मॅप फाइल आयएसओशेजारीच ठेवलीय. पूर्णेला एका ओळखीच्या माणसाकडे जुना ड्राइव्ह पडून आहे, दिवाळीत तिथे लावून बघणार.