कारण न सांगता

एलन नॉफ १४ ऑगस्ट १९४८ रोजी न्यूयॉर्क बंदरात पोचली तेव्हा तिच्याजवळची कागदपत्रे चोख होती. जन्माने जर्मन ज्यू, लग्नानंतर चेकोस्लोव्हाकियात स्थायिक झालेली आणि तिथून १९३९ मध्ये इंग्लंडच्या आश्रयाला गेलेली ही बाई. युद्धात ती ब्रिटिश हवाई दलात होती, युद्धानंतर जर्मनीतल्या अमेरिकी लष्करी कचेरीत नोकरीला लागली. दोन्हीकडे तिच्या कामाविषयी चांगलेच शेरे आहेत. पहिल्या लग्नातून ती मोकळी झाली होती. फेब्रुवारी १९४८ मध्ये फ्रँकफर्टला तिने कुर्ट नॉफ या अमेरिकी नागरिकाशी, माजी सैनिकाशी लग्न केले, तेही तिथल्या अमेरिकी सेनापतीच्या परवानगीने. अशा बायकांना सुलभपणे प्रवेश मिळावा म्हणून अमेरिकेने १९४५ साली खास ‘युद्धवधू कायदा’ केला होता.

तरीही तिला धक्क्यावरून थेट एलिस बेटावर नेऊन ठेवले गेले. ६ ऑक्टोबर १९४८ रोजी स्थलांतर खात्याच्या एका वरिष्ठाने शिफारस केली की, हिला कायमचा प्रवेश नाकारावा. हिचे येणे देशहिताला बाधक आहे. त्याच दिवशी अ‍ॅटर्नी जनरलने त्यावर शिक्कामोर्तब केले. सुनावणी नाही, साक्षीपुरावा नाही. बाधक कसे, हे सांगणेही देशहिताला बाधक म्हणून गुप्त! या अधिकाराचे मूळ १९४१ सालच्या युद्धकालीन नियमांत होते. युद्ध संपून तीन वर्षे लोटली होती, पण कायद्याच्या पुस्तकात आणीबाणी उठलेली नव्हती.

मी वकील नाही. जुनी निकालपत्रे वाचण्याचा नाद मला उशिरा लागला आणि ती वाचताना मी एकच गोष्ट शोधतो : माणसाने नेमके कशाविरुद्ध भांडायचे होते? नॉफच्या बाबतीत या प्रश्नाला उत्तरच नाही. आरोप ठाऊक असेल तर माणूस तो खोडून काढील. ‘तुझ्याविरुद्ध काहीतरी आहे’ एवढेच कळल्यावर तो काय खोडणार? चुकीची माहिती अशा गुप्ततेत सर्वांत सुरक्षित राहते, असे माझे मत आहे.

तिने बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज केला, खालच्या न्यायालयांत हरली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १६ जानेवारी १९५० रोजी ४ विरुद्ध ३ मतांनी निकाल तिच्या विरोधात लागला. बहुमताच्या निकालपत्राचा मथितार्थ असा : देशात येऊ पाहणाऱ्या परक्याला प्रवेश हा हक्क नव्हे, सवलत आहे, त्याच्याबाबत संसदेने जी पद्धत ठरवली असेल तीच न्याय्य पद्धत. विरोधी मत देणाऱ्यांत न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन होते. न्यूरेंबर्गच्या खटल्यात नाझींविरुद्ध अमेरिकेचे मुख्य अभियोक्ता म्हणून उभे राहिलेले तेच जॅक्सन. गुप्त पुराव्याची सबब पुढे केली की चहाडखोरांचे आणि लाचखाऊंचे फावते, हा त्यांचा मुद्दा होता.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण वृत्तपत्रांनी, विशेषतः ‘सेंट लुइस पोस्ट-डिस्पॅच’ने, प्रकरण लावून धरले. तिच्या एकटीसाठी संसदेत खासगी विधेयके आली. ती विचाराधीन असतानाच, मे १९५० मध्ये, सरकारने तिला जर्मनीच्या विमानात बसवण्याची तयारी केली. विमान सुटायला थोडाच अवधी उरलेला असताना जॅक्सन यांनी स्थगिती दिली. संसद जिच्या अर्जाचा विचार करते आहे तिलाच देशाबाहेर काढून तो विचार निरर्थक करता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे.

अखेर मार्च १९५१ मध्ये तिला सुनावणी मिळाली. तेव्हा आरोप उघड झाला : फ्रँकफर्टला नोकरीत असताना तिने झेक मंडळींना गुप्त माहिती पुरवली. पहिल्या मंडळाने पुन्हा तिच्या विरोधात कौल दिला. मात्र अपील मंडळाने ऑगस्टमध्ये पुरावा बारकाईने तपासला आणि त्यात ऐकीव गोष्टींपलीकडे काही आढळत नाही असे ठरवले. २ नोव्हेंबर १९५१ रोजी नव्या अ‍ॅटर्नी जनरलने ते मान्य केले आणि एलन नॉफ एलिस बेटावरून बाहेर पडली. मधली तात्पुरती सुटका सोडली तर तीन वर्षांहून अधिक काळ अडकवून ठेवणारे कारण उजेडात आल्यावर काही महिनेच टिकले.

चूक कशी घडते हे नॉफच्या कहाणीत धूसर राहते. ते लख्ख दिसते रहिना इब्राहिम यांच्या खटल्यात. या मलेशियन बाई स्टॅनफर्डला पीएच.डी. करत होत्या. २ जानेवारी २००५ रोजी, शस्त्रक्रियेनंतर चाकाच्या खुर्चीत बसून त्या मुलीसह सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर आल्या आणि त्यांना बेड्या पडल्या. दुसऱ्या दिवशी मायदेशी जाऊ दिले, पण त्याच महिन्याच्या अखेरीस व्हिसा रद्द झाला. पुढे २००९ साली केलेला नवा अर्जही फेटाळला गेला. त्यांनी २००६ मध्ये दावा लावला. सरकारने राष्ट्रीय गुपिताची ढाल पुढे केली. डिसेंबर २०१३ मध्ये खटला उभा राहिला तेव्हा गुपित बाहेर आले : नोव्हेंबर २००४ मध्ये एफबीआयच्या एका अधिकाऱ्याने फॉर्म उलटा भरला होता. ज्या याद्यांत नाव घालायचे नाही तिथे खूण करा, अशी सूचना होती. त्याने सूचनेच्या नेमक्या विरुद्ध खुणा केल्या. आपण चुकलो हे त्याला स्वतःला २०१३ साली, वकिलांपुढे जबानी देताना कळले. न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी जानेवारी २०१४ मध्ये नाव सगळीकडून पुसण्याचा आदेश दिला. व्हिसा नाकारण्याचे कारण बाईंना कळवा, असेही सांगितले. व्हिसा देणे मात्र त्यांच्या हातात नव्हते.

का नव्हते, याचे उत्तर पुन्हा नॉफच्या निकालापाशी नेते. ती बाई सुटली, पण तिच्या विरोधातला निकाल कोणी फिरवला नाही. १९५३ साली इग्नाट्झ मेझेई या २५ वर्षे बफेलोत राहिलेल्या माणसाला परत प्रवेश नाकारताना तोच निकाल उपयोगी पडला. २१ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मुनोझ खटल्यात ६ विरुद्ध ३ असा कौल दिला की, परदेशी जोडीदाराला देशात आणण्याचा मूलभूत हक्क अमेरिकी नागरिकाला नाही. त्या कौलाच्या आधारांमध्ये नॉफचा खटला आहे.