अठरा कचेरीभोवतीची झाडे

सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मंडळाच्या पन्नास वर्षांचा आढावा अन्यत्र आलाच आहे. आम्ही वाचकांना थोडे मंडळाबाहेर, किंबहुना जे. पी. नगराच्याही बाहेर घेऊन जाऊ इच्छितो. लोकनायक जयप्रकाश नारायण यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उपनगरातून उत्तरेकडे निघाले की प्रथम लालबाग लागते आणि पुढे, शहराच्या मध्यभागी, कब्बन पार्क. गावाकडून पाहुणे आले म्हणजे आपण त्यांना विधानसौध दाखवतो, समोरची तांबडी अठरा कचेरी दाखवतो आणि मग झाडांखाली बसून डबे उघडतो. ती सावली कोणी आणि कोणत्या विचाराने आणली, हा प्रश्न मात्र क्वचितच मनात येतो. त्याच्या उत्तरातील एक धागा मराठी राज्यकर्त्यांपर्यंत पोहोचतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

शहाजीराजांच्या बंगळूर जहागिरीची कथा आपणां सर्वांना ठाऊक आहे; तिची पुनरुक्ती येथे करीत नाही. आमचा विषय त्यानंतर दोन शतकांनी सुरू होतो. १८३१ साली म्हैसूर संस्थानाचा कारभार इंग्रज कमिशनरांच्या हाती गेला. सरकारी कचेऱ्या तेव्हा किल्ल्यातील टिपूच्या लाकडी राजवाड्यात भरत. कारभाराचा पसारा वाढला, जागा अपुरी पडू लागली, आणि १८६४ ते १८६८ या काळात नवी दुमजली इमारत उभी राहिली. अठरा खात्यांची ही कचेरी. म्हणून तिचे नाव ‘अठरा कचेरी’ पडले. कन्नडमध्ये अठराला ‘हदिनेंटु’ म्हणतात. तेव्हा ‘अठरा कारखाने, बारा महाल’ ऐकत वाढलेल्या मराठी कानाला हे नाव परके वाटू नये, यात नवल नाही.

इमारत उभी राहिली, पण तिला शोभा आली ती भोवतालच्या उद्यानामुळे. मुख्य अभियंता रिचर्ड सँकी यांनी १८७० साली सुमारे शंभर एकरांवर हे उद्यान आखले. पुढे ते तीनशे एकरांपर्यंत वाढले. प्रारंभी ‘मीड्स पार्क’, मग मार्क कब्बन यांच्या नावाने आणि १९२७ पासून अधिकृतपणे ‘श्री चामराजेंद्र उद्यान’, अशी त्याची नावे बदलत गेली. लोकांच्या तोंडी मात्र ‘कब्बन पार्क’च राहिले.

या आखणीतील विचार ध्यानात घेण्याजोगा आहे. सरकारी इमारत म्हटली की उंच भिंत आणि पहारा डोळ्यांसमोर येतो. येथे कचेरीला लागूनच विस्तीर्ण उद्यान आले. इमारतीलगत मोकळी जागा व सरळ रेषेतील मार्ग ठेवला, म्हणजे तांबड्या भिंती आणि स्तंभ दुरूनही नजरेत भरावेत. आणि आत जावे तसतशी गर्द झाडी, बांबूची बेटे व मूळचे काळे खडक राखले. समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांवरच्या या पठारावर हवा सौम्य असते, तरी चैत्र-वैशाखातील ऊन काही सौम्य नसते. कामासाठी आलेल्या रयतेला ताटकळावे लागले तर झाडाखाली ताटकळता यावे, ही सोय लहान नव्हे.

या पायावर कळस चढविला तो गुस्ताव हर्मान क्रुंबिगल या जर्मन उद्यानशास्त्रज्ञाने. १८६५ साली ड्रेस्डेनजवळ जन्मलेले आणि लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेले क्रुंबिगल १८९३ साली हिंदुस्थानात आले, ते बडोद्यास, सयाजीराव गायकवाड महाराजांच्या चाकरीत. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या या सुपुत्राने ग्रंथालये व शाळांप्रमाणेच उद्यानेही प्रजेसाठी उघडली होती. अशा संस्थानात अनुभव मिळवून क्रुंबिगल १९०८ साली म्हैसूर सरकारच्या सेवेत दाखल झाले आणि १९३२ पर्यंत लालबागेची धुरा त्यांनी वाहिली.

वर्षाच्या बारा महिन्यांत कोणते ना कोणते झाड फुललेले असावे, अशी त्यांची योजना होती. एक बहर ओसरताच दुसरा सुरू व्हावा. हिवाळा सरता सरता गुलाबी टॅबेबुया, मग जॅकरांडाचा जांभळा, पुढे गुलमोहराचा लाल. रस्त्यांनाच पंचांग लाभले म्हणा ना! यांपैकी टॅबेबुया व जॅकरांडा मूळचे दक्षिण व मध्य अमेरिकेकडचे, गुलमोहर मादागास्करचा. पण आज त्यांना परके म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

क्रुंबिगलही येथलेच झाले. १९५६ साली बंगळूरातच त्यांचा अंत झाला. त्याच वर्षी कचेरीसमोर केंगल हनुमंतय्यांच्या संकल्पनेतील ग्रॅनाइटचे भव्य विधानसौध पूर्ण झाले. सचिवालय तिकडे गेले आणि अठरा कचेरीत उच्च न्यायालय राहिले.

ही वास्तू आपोआप टिकली, असे मात्र नव्हे. १९८० नंतरच्या दशकात ती पाडून नवी बांधण्याचा घाट घातला गेला, तेव्हा नागरिकांनी विरोध केला, न्यायालयात दाद मागितली, आणि अखेर ती वाचली. उद्यानांच्या रक्षणासाठी १९७५ साली राज्याने कायदाही केला. तात्पर्य, झाड लावणारा एक असतो. ते राखणारे पिढ्यान्‌पिढ्या लागतात.

हे सारे आज लिहिण्यास एक कारण आहे. आपल्या मंडळाच्या नियोजित वास्तूच्या आराखड्यावर सध्या चर्चा चालू आहे. वाहने उभी करण्यास जागा हवी, म्हणून आवारातील दोन जुने करंज काढावेत, अशी सूचना पुढे आली आहे. अडचण खरी आहे, आणि ती मांडणाऱ्यांचा हेतूही चांगलाच आहे. तथापि आम्हांला नम्रपणे असे वाटते की, भिंती आखण्यापूर्वी झाडांच्या जागा कागदावर आखाव्यात आणि वास्तूने त्यांना वळसा घालावा. सभागृह दोन वर्षांत उभे राहील. तेवढी सावली उभी राहण्यास आणखी पन्नास वर्षे लागतील.

आपणही दुरून येथे आलो आणि येथल्या मातीने आपल्याला धरून ठेवले. शतकमहोत्सवाची स्मरणिका जे काढतील, त्यांनी त्या करंजाखाली बसून ती वाचावी, एवढीच इच्छा.