बॅटरीशिवाय हलणारी सुई

ताडोबाच्या साग-बांबूच्या जंगलात फिल्मवर छायाचित्रे घेताना खरी पंचाईत होते ती उजेडाची. पायवाटेवर लख्ख ऊन, तर दोन पावलांवर बांबूच्या बेटात गडद सावली. म्हणून आम्ही हातात धरायचा एक जुना प्रकाशमापक विकत घेतला. त्याला बॅटरी नव्हती, तरी उजेडात सुई हले. ती कशामुळे?

१८७३ साली विलोबी स्मिथ यांनी समुद्रतळावरील तारायंत्राच्या केबलींच्या कामात पाहिलेले एक निरीक्षण प्रसिद्ध केले: उजेडात सेलेनियमचा विद्युतरोध कमी होतो. १८७६ मध्ये अ‍ॅडम्स व डे यांनी दाखवले, की उजेड पडताच सेलेनियममध्ये वीजही निर्माण होते. याच गुणावर चालणारे वेस्टन कंपनीचे प्रकाशमापक १९३०च्या दशकात छायाचित्रकारांच्या हाती आले. पुढे कॅडमियम सल्फाइडच्या मापकांनी मंद उजेडही मोजता येऊ लागला, पण त्यांना बॅटरी लागे.

आमचा मापक उन्हात अचूक निघाला. सावलीत मात्र फसला. जुना सेलेनियम घट दुबळा झाला होता. तो उजेड कमी दाखवी, आम्ही उद्भासनकाल वाढवत गेलो आणि सावलीतली सारी निगेटिव्ह काळीकुट्ट झाली.

तेव्हा असा मापक घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. घट झाकल्यावर सुई शून्यावर यावी. भर उन्हात, १०० वेगाच्या फिल्मसाठी, एफ १६ला सुमारे १/१२५ सेकंद दाखवावे. आणि तिसरी, आम्ही विसरलो ती: गर्द सावलीतले मापन खात्रीच्या मापकाशी ताडून पाहावे.