मालमत्तेचा खाजगी बचाव आणि प्राणघातक बळ

चोर, दरोडेखोर, आग लावणारा किंवा जमिनीत घुसणारा यांच्यापासून मालमत्ता वाचवताना समोरच्याचा जीव गेला, तर तो केव्हा गुन्हा ठरतो आणि केव्हा नाही, हा फौजदारी कायद्यातला फार जुना प्रश्न आहे. भारतात त्याचे उत्तर 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या कलम 96 ते 106 मध्ये होते. 1 जुलै 2024 पासून तीच तत्त्वे भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आली आहेत. स्वतःची किंवा दुसऱ्याची मालमत्ता चोरी, जबरी चोरी, आगळीक (म्हणजे मालाची नासधूस) आणि फौजदारी अतिक्रमण यांपासून वाचवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. या हक्काच्या भरात जीव घेण्यापर्यंत मजल मारता येईल अशा प्रसंगांची यादी मात्र आखूड आहे. मालमत्तेसाठी माणूस मारण्याची परवानगी कायद्याने दिली आहे असा या यादीवरून सर्रास समज होतो. कलमे नीट वाचली तर दिसते ते वेगळेच. जिथे माल जाण्याबरोबर माणूसही जाण्याचा धोका असतो तिथेच ही परवानगी मिळते, आणि जिथे कायदा ही मर्यादा सोडतो तिथे त्याचे समर्थन करणे अवघड होते.

हा विचार आधुनिक नाही. बायबलमधील निर्गम ग्रंथ रात्री घर फोडताना सापडलेल्या चोराला मारणाऱ्यावर रक्तपाताचा दोष ठेवत नाही, सूर्य उगवल्यावर मारले तर ठेवतो. रोमन लोकांच्या बारा पाट्यांच्या कायद्यातही रात्रीच्या चोराला मारणे क्षम्य होते. दिवसाच्या चोराने शस्त्र उगारले तरच त्याला मारता येई. दोन्हीकडे चोरीचा माल तोच असतो, फरक पडतो तो अंधाराचा. अंधारात आलेला माणूस भांडी न्यायला आला आहे की गळा चिरायला, हे घरधन्याला कळायला मार्ग नसतो. आपल्याकडच्या स्मृतिकारांनी मात्र अधिक मोकळा हात दिलेला दिसतो. आततायी म्हणून जे सहा जण सांगितले जातात त्यांत आग लावणारा, विष देणारा व शस्त्र उगारणारा यांच्या पंक्तीला धन हरण करणारा आणि शेत बळकावणारा हेही बसवले आहेत. पण आततायीला बेधडक मारावे या वचनांचा अर्थ शब्दशः घ्यावा का, यावर भाष्यकारांत मोठा वाद झाला आणि याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरेत विज्ञानेश्वराने त्याची बारकाईने चर्चा केली.

दंड संहितेचा पहिला मसुदा मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने 1837 मध्ये तयार केला. दरोडेखोरांच्या टोळ्यांपुढे इथले लोक निमूटपणे मान तुकवतात, तेव्हा बचावाच्या हक्कावर फार बंधने घालण्यापेक्षा त्यांच्यात मर्दानगी जागवावी, असे या आयोगाला वाटत होते. या विधानात राज्यकर्त्याचा तोरा आहे. पोलीस पुरे पडत नाहीत याची कबुलीही त्यात आहे. त्यातून जुन्या संहितेचे कलम 103, म्हणजे आजचे कलम 41, घडले. मालमत्तेच्या बचावात मृत्यू घडवण्याची मुभा ते चार बाबतींत देते: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या किंवा माल ठेवण्याच्या इमारतीला, तंबूला वा जहाजाला आग लावणे किंवा स्फोटकांनी केलेली आगळीक, आणि आपण हक्क न बजावल्यास मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती वाटावी अशा परिस्थितीतील चोरी, आगळीक वा गृह-अतिक्रमण. याखेरीज कोणत्याही प्रसंगी कलम 42 नुसार मृत्यूखेरीज अन्य इजा तेवढी करता येते. चौथ्या बाबीत जिवाच्या भीतीची अट उघडच लिहिली आहे. पहिलीत ती व्याख्येतच येते, कारण इजा, अडवणूक किंवा तत्काळ इजेची धास्ती असल्याशिवाय चोरी जबरी ठरत नाही. राहत्या घराला लागलेल्या आगीबद्दल वेगळे सांगायला नको.

पंचाईत होते ती उरलेल्या भागाची. 'माल ठेवण्याची इमारत' या शब्दांत चिटपाखरूही नसलेले गोदाम बसते, आणि रात्रीच्या घरफोडीला जिवाच्या भीतीची वेगळी अटच नाही. कुलूप उघडून आत शिरणे हीसुद्धा घरफोडीच. म्हणजे शब्दाला शब्द लावून वाचले, तर रात्री बंद गोदामाचे कुलूप उघडणाऱ्या निःशस्त्र भुरट्यालाही मारता येईल. रात्र सूर्यास्तापासून मोजल्याने शंका मिटते, पण तर्क सुटतो. डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सात वाजता घरात दिवे लागलेले असतात आणि जिन्यावर शेजाऱ्यांची वर्दळ असते. ज्या गोंधळासाठी जुन्या कायद्यांनी रात्रीला सवलत दिली तो गोंधळ तिथे नसतो. या विसंगतीला लगाम घालते ते कलम 37, पूर्वीचे 99. सरकारी यंत्रणेकडे दाद मागायला सवड असेल तर हक्क नाही, आणि बचावाला लागते त्याहून अधिक इजा करता येत नाही. न्यायालयांनी यादीतील प्रत्येक प्रसंग या दोन अटींच्या चौकटीत वाचला, तरच ती सुसंगत राहते.

मालक जागेवर नसताना त्याच्या वतीने एखादे यंत्र मारते, तेव्हा हा मुद्दा सगळ्यांत स्पष्ट होतो. 1963 साली सर्वोच्च न्यायालयापुढे बिहारमधील एक प्रकरण आले. शेजारच्या घरातील संडासाची भिंत पडली होती, म्हणून तिथली माणसे आरोपीचा संडास वापरू लागली. बोलून ती ऐकेनात, तेव्हा त्याने वाटेवर उघडी तांब्याची तार बांधून तिच्यात घरातली वीज सोडली. शेजारच्या बाईचा त्या तारेला हात लागला आणि ती मेली. मालमत्तेच्या बचावाचा युक्तिवाद न्यायालयाने फेटाळला. विनापरवाना आत आला एवढ्यावरून माणूस कायद्याच्या संरक्षणाबाहेर जात नाही, असे सांगून निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दलची शिक्षा कायम ठेवण्यात आली. अमेरिकेत आयोवा राज्यातील एका ओसाड शेतघरात मालकाने झोपायच्या खोलीच्या दाराला तार बांधून बंदूक रोखून ठेवली होती. नेम आधी पोटावर होता. बायकोच्या सांगण्यावरून त्याने तो पायांवर आणला. जुन्या बाटल्या नि बरण्या न्यायला आलेल्या माणसाचा पाय त्यात जायबंदी झाला. 1971 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मालकाला बसलेली तीस हजार डॉलरची भरपाई कायम केली. तारेला माणसाचे भय ओळखता येत नाही, आणि चोर, पोर, वाट चुकलेला पाहुणा यांत फरकही करता येत नाही. रानडुकरांपासून पीक राखायला महाराष्ट्रात वापरतात ते झटका मशीन क्षणिक धक्का देते. कुंपणात घरची वा पंपाची वीज थेट सोडणे हा मात्र बिहारच्याच मासल्याचा प्रकार, मग मनात डुक्कर असो वा माणूस.

या भूमिकेवर सर्वांत ठाम आक्षेप जर्मन विधिशास्त्राचा आहे: न्यायाने अन्यायापुढे हटण्याचे कारण नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने 1920 मध्ये फळे चोरून पळणाऱ्यांवर गोळी झाडणाऱ्या राखणदाराला निर्दोष ठरवले होते. पुढे जर्मन न्यायालयांनीच ढळढळीत विषमता असेल तिथे हा हक्क आवळला. आक्षेपातील खरा भाग एवढाच, की चोराला वाट करून देणे हे मालकाचे कर्तव्य नाही. भारतीय कायदाही ते सांगत नाही. धरून ठेवणे, ढकलणे, काठी मारणे, पाठलाग करून माल परत घेणे हे सगळे तो करू देतो. चोर माल घेऊन निसटेपर्यंत हा हक्क चालू राहतो. फक्त मृत्यू वगळला आहे. लॉकने चोराला मारणे समर्थनीय ठरवले, पण त्याचाही आधार मालाची किंमत नव्हता. जो बळाने मला ताब्यात घेतो तो पुढे माझा जीव घेणार नाही असे मी कशावरून समजू, असा त्याचा प्रश्न होता. मालमत्तेचा एवढा कैवारी तत्त्वज्ञही जिवाच्या वाटेनेच उत्तरापर्यंत पोचतो.

दुसरा आक्षेप जास्त जवळचा आहे. ज्याची एकच बैलजोडी आहे, ज्याचे वर्षाचे पोट उभ्या पिकावर आहे, त्याची मालमत्ता आणि जीव वेगळे कसे काढणार? हा आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही. पण बैल चोरणारा हाती लागला तर चोरीसाठी त्याला साधारणपणे कमाल तीन वर्षांची कैद होते. पूर्ण चौकशीनंतर न्यायालय जे करू शकत नाही ते गोठ्यात क्षणभरात होऊ द्यायचे का? बचाव ही शिक्षा नव्हे, असे यावर म्हटले जाते आणि ते बरोबर आहे. म्हणूनच बचावाची मापे शिक्षेपेक्षा सैल आहेत. तरीही गेलेला बैल भरपाईने, विम्याने, निदान उसनवारीने परत उभा करता येतो. शिवाय मालकाची चूक झाली तर ती दुरुस्त होत नाही. 16 एप्रिल 2020 च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे चोर आल्याच्या अफवांच्या वातावरणात जमावाने तीन निरपराध प्रवाशांना ठार मारले. ती झुंडशाही होती, बचाव नव्हता. पण 'चोरच असणार' या खात्रीवर किती विसंबावे, हे त्यातून कळते.

बांधाच्या भांडणात हा हक्क सर्वांत जास्त वेळा पुढे केला जातो आणि सर्वांत जास्त वेळा फसतो. सातबारा कोणाच्या नावावर आहे यापेक्षा ताबा कोणाचा स्थिरावला आहे, हे न्यायालय आधी पाहते. स्थिर ताबा असलेल्याला खुद्द मालकालाही रोखता येते. मात्र बांध कोरला म्हणून कुऱ्हाड घालता येत नाही. शेतावरचा हल्ला मोडून प्रतिपक्ष पळू लागल्यावर झाडलेल्या गोळ्यांना सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये बचाव मानले नव्हते. इंग्लंडमध्ये 1999 साली नॉरफोक परगण्यातील एका शेतकऱ्याने रात्री घरात शिरलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला पाठीत गोळी घातली. त्याला आधी खुनाची शिक्षा झाली, नंतर त्याच्या मानसिक स्थितीमुळे गुन्हा सौम्य ठरला. त्यावर तिथे वर्षानुवर्षे वाद पेटला आणि 2013 मध्ये घरमालकांना थोडी जास्त सूट मिळाली. ती सूटही स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या शरीराच्या बचावापुरती आहे, मालापुरती नाही. युरोपीय मानवी हक्क कराराच्या अनुच्छेद 2 मधल्या अपवादांतही मालमत्तेचा उल्लेख नाही. टेक्सास त्याच्या अगदी उलट टोकाला आहे. रात्रीची साधी चोरी थांबवायलाही तिथला कायदा काही अटींवर प्राणघातक बळ वापरू देतो.

भारतीय न्यायालये भेदरलेल्या माणसाने प्रतिकार सोन्याच्या काट्यावर तोलावा अशी अपेक्षा करत नाहीत. बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असला, तरी तो निःसंशय सिद्ध करावा लागत नाही. शक्यतेचे पारडे त्याच्या बाजूला झुकले की पुरे, आणि त्यासाठी फिर्यादीच्या साक्षीदारांवरही विसंबता येते. सद्भावनेने, पूर्वनियोजन न करता हक्काची हद्द ओलांडली गेली असेल, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरतो. त्यामुळे निकाल बहुधा कलमावर न ठरता पंचनाम्यावर ठरतो: जखम छातीवर आहे की पाठीवर, वार एक की अनेक, मृताजवळ हत्यार सापडले का, आरोपीच्या अंगावर इजा होती का, प्रेत उंबऱ्याच्या आत होते की दोन शेते पलीकडे.