क्षीण सुराची साक्ष

१९८२ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये सोनीचा पहिला सीडी-प्लेअर विक्रीस आला, आणि अंकांचे पुन्हा विद्युत्-तरंगांत रूपांतर करणाऱ्या परिवर्तकाची परीक्षा घ्यावी कशी, हा प्रश्न अभियंत्यांपुढे नव्याने उभा राहिला. कारण अँप्लिफायरची विकृती बहुधा मोठ्या आवाजात बळावते, तर परिवर्तकाचे वैगुण्य क्षीण सुरातच उघडे पडते. कमाल पातळीच्या सुमारे ९० डेसिबेल खाली उतरविलेला शुद्ध सूर १६ बिटांच्या चौकटीत केवळ तीन पायऱ्यांचा उरतो, आणि त्या पायऱ्या समान उंचीच्या आहेत की नाहीत, हे ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर निरखणे, हीच मला या साऱ्या तपासणीतील सर्वांत विश्वसनीय साक्ष वाटते.

पुढे १९९१ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने ‘एईएस १७’ या मानकान्वये मोजणीचा कायदा मुक्रर केला. त्यातील कसोटीचा सूर १००० हर्ट्झचा नसून ९९७ हर्ट्झचा आहे, ही तजवीज मोठी मार्मिक होय. सेकंदाला ४८,००० नमुने घेणाऱ्या यंत्रात १००० हर्ट्झचा सूर तेच ४८ नमुने अखंड घोकीत राहतो, उलट ९९७ ही मूळ संख्या असल्याने तिचे आवर्तन सेकंदभर पुनरुक्त होत नाही आणि परिवर्तकाला आपल्या असंख्य पायऱ्यांची हजेरी द्यावीच लागते.