गुरुवारचा नकाशा

दुष्काळ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर माण-खटाव येतो, मराठवाडा येतो. अमेरिका येत नाही. पण मी मास्टर्स करायला नेब्रास्कात आलो आणि इथेच राहिलो, त्यामुळे दर गुरुवारी सकाळी जाहीर होणारा दुष्काळाचा नकाशा बघायची सवय लागली. त्या नकाशामागचा इतिहास सांगण्याजोगा आहे.

नॉर्थ डाकोटापासून टेक्ससपर्यंत पसरलेल्या या मैदानी प्रदेशाचा पश्चिम भाग मुळातच कोरडा. वर्षाला जेमतेम २० इंच पाऊस. जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ च्या अहवालात बजावलं होतं की इथे पूर्वेकडच्यासारखी शेती चालणार नाही. पण १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळत होती आणि ‘नांगर फिरला की पाऊस मागून येतो’ असं छातीठोकपणे सांगणारेही होते. लोकांनी अर्थातच दुसऱ्यांचं ऐकलं!

मग १९३० चं दशक आलं. गवत उपटून गहू पेरलेली जमीन उघडी पडली, पाऊस गेला आणि माती उडू लागली. मे १९३४ मध्ये ही धूळ न्यूयॉर्क-वॉशिंग्टनपर्यंत पोचली. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी तर भरदुपारी काळोख झाला. तो दिवस ‘ब्लॅक संडे’ म्हणूनच ओळखला जातो. त्याच महिन्यात मृदसंधारणाचा कायदा झाला. वारा अडवण्यासाठी १९४२ पर्यंत सुमारे २२ कोटी झाडं लावली गेली.

गंमत म्हणजे हवामानाचं साप्ताहिक पत्रक अमेरिकेत १८७२ पासून निघत होतं. पावसाचे आकडे होते, पण ‘दुष्काळ’ नेमका कधी म्हणायचा याचं सर्वमान्य माप नव्हतं. १९६५ मध्ये वेन पामर या हवामानशास्त्रज्ञाने पश्चिम कॅन्सस आणि मध्य आयोवाच्या नोंदींवरून पहिला मोठा निर्देशांक बांधला. पाऊस किती पडला एवढंच न बघता जमिनीत ओल किती उरली याचा त्याने हिशेब मांडला.

आजचा नकाशा १९९९ चा. लिंकनच्या नेब्रास्का विद्यापीठातलं दुष्काळ केंद्र आणि केंद्र सरकारची हवामान व कृषी खाती मिळून तो काढतात. मंगळवार सकाळपर्यंतची माहिती घेऊन गुरुवारी प्रसिद्ध. पिवळ्यापासून गडद लालपर्यंत पाच पायऱ्या. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला सगळ्यात नवल वाटतं ते याचं, की रेषा शेवटी माणूसच ठरवतो. लेखक आलटून पालटून बदलतात, आकडे समोर असतात, आणि शेकडो स्थानिक जाणकार ‘आमच्याकडे तळी आटली’, ‘आमच्याकडे बरं आहे’ असं कळवत असतात.

या रेषेला पैशाचं वजन आहे. २००८ च्या शेती कायद्याने गुरांच्या चाऱ्याची मदत या नकाशाला जोडली: चराईच्या हंगामात सलग आठ आठवडे तिसरी पायरी, म्हणजे ‘तीव्र दुष्काळ’, असेल तर मदत. (पुढे नियम बदलत गेले.) २०१२ हे नेब्रास्काच्या नोंदीतलं सर्वांत कोरडं वर्ष ठरलं. तेव्हा नकाशा आठवड्या-आठवड्याला लाल होत गेला आणि पीक हाती यायच्या आधीच संकट सगळ्यांना दिसलं. आपल्याकडे दुष्काळ ठरायचा तो प्रामुख्याने पैसेवारीवर. खरिपाची अंतिम पैसेवारी १५ डिसेंबरला. तोवर शेतकऱ्याने घर सोडून खडी फोडायला सुरुवात केलेली असायची.

आणखी एक धागा. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली लाल ‘मिलो’ आपल्या आई-आजींना नक्की आठवत असेल. त्या भाकरीची चव कुणालाच आवडली नाही, पण तिने माणसं जगवली. ती मिलो अमेरिकेतून आलेली. आणि अमेरिकेतली ही ज्वारी पिकते ती मुख्यतः याच कॅन्सस-टेक्ससच्या मैदानांत.

कोलोरॅडोत १९९८ मध्ये स्वयंसेवकांनी घरोघरी पाऊस मोजायचा उपक्रम सुरू झाला. पुढे तो देशभर पसरला आणि त्याच्या नोंदीही या नकाशासाठी पाहिल्या जातात. आमच्या परसातही चार इंची पर्जन्यमापक आहे. रोज सकाळी सातला धाकटी वाचून सांगते. पाऊस पडला नसेल तर शून्यही कळवायचा असतो. तो बिलकुल गाळायचा नाही, असा तिथला दंडक आहे.